देवीकडे जमा

शिवाची जीप तीन महिने घरामागच्या मांगरात, गवत-गुरांच्या छपरात, उभी होती. पहिल्या पंधरवड्यात तिच्या टपावर गवताचे भारे चढले. मग ड्रायव्हरच्या सीटवर एक कोंबडी खुडूक बसली आणि एकवीस दिवसांनी आठ पिल्लं घेऊन खाली उतरली. त्या पावसाळ्यात गाडीतून झालेली वाहतूक एवढीच.

फणसवाडीत दुसरी गाडी नव्हती. देवरूख तिथून पाच मैल. एसटी फाट्यापर्यंत यायची आणि फाट्यापासून पुढं सगळा चढ. शिवानं मुंबईत दहा वर्षं लोकांच्या गाड्या चालवल्या, शेवटी ही जुनी जीप घेतली, पॅसेंजरचं परमिट काढलं आणि गावाला येऊन राहिला. अडलेली बाळंतीण असो, सिमेंटच्या गोणी असोत की गणपतीला येणारे चाकरमानी, सगळं त्याच जीपमधून यायचं. शिवा कुणाला नाही म्हणायचा नाही. म्हणून गाडी बंद पडली तेव्हा गाव अडलं, आणि अडलेलं गाव ज्याच्यामुळे अडलं त्यालाच बोल लावतं.

अपघात फाल्गुनात झाला होता. चिऱ्याच्या खाणीपाशी रस्ता एकदम वळतो आणि खाणीच्या उभ्या भिंतीमुळे पलीकडचं काही दिसत नाही. त्या दिवशी वळणापलीकडे यमुनाबाई डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन रस्त्याच्या मधून चालली होती. शिवानं ब्रेक दाबला, खडीवरून चाकं घसरली आणि बंपर तिच्या पायाला लागला. त्यानंच तिला उचलून जीपमध्ये घातलं आणि कुठं न थांबता रत्नागिरीला नेलं. पाय जुळला, पण बोटभर आखूड राहिला. तेव्हापासून यमुनाबाई काठी घेऊन चालू लागली.

पोलिसांचा कागद आरटीओत गेला आणि तिथं चौकशी झाली. साहेबांनी मुद्द्याचं एकच विचारलं, वळणावर हॉर्न वाजवला होता का? शिवा म्हणाला, वाजवला होता.

यमुनाबाई म्हणाली, "नाय वाजला, सायेब. वाजला असता तर मी बाजूला झाली नसती काय?"

यमुनाबाई वाघजाईच्या देवळाला लागून एकटी राहायची. साठी ओलांडलेली, विधवा, आवाज खणखणीत. तिला खोटं बोलता येत नाही हे चार गावांना ठाऊक होतं. तिच्यापुढं कुणी फारसं बोलत नसे. ती बोलायची आणि बाकीचे ऐकायचे. त्यामुळे साहेबांनी तिचं खरं धरलं, गावानंही धरलं, आणि शेवटी शिवालाच आपलं खरं वाटेनासं झालं. हॉर्नचं बटण स्टिअरिंगच्या मधोमध. ते आपण तळहातानं दाबलं होतं असं त्याला वाटायचं. पण दर वळणावर दाबायची सवय असलेल्या तळहाताला त्या एका दिवशीचं दाबणं वेगळं काढून कसं आठवणार? त्याची बायको सगुणा हिनं एकदाच, भाकऱ्या थापता थापता, त्याच्याकडे न बघता विचारलं, "खरं सांगा. वाजवलाव व्हता?"

"मला आता ठावं नाय," शिवा म्हणाला. सगुणानं पुन्हा विचारलं नाही, पण ती भाकरी करपली.

वैशाखात आरटीओचं पत्र आलं. पोस्टमन दादूनं ओटीवर बसून ते मोठ्यानं वाचलं. अनुज्ञप्ती तीन महिन्यांसाठी निलंबित करण्यात येत असून ती तात्काळ जमा करावी. अनुज्ञप्ती म्हणजे काय यावर दोघातिघांचा वाद झाला. दादूनं सांगितलं की अनुज्ञप्ती म्हणजे लायसन. मग ते तात्काळ जमा करायचं ठरलं. कुठं जमा करायचं हे मात्र कुणी विचारलं नाही, कारण फणसवाडीत जमा करायची जागा एकच होती.

दोन भावांत तांब्याच्या बंबावरून भांडण झालं, तर निकाल लागेपर्यंत बंब देवीकडे जमा. बांधावरच्या रातांब्यावरून झालं, तर ज्या कोयतीनं फांदी तोडली ती कोयती देवीकडे जमा. केरू गुरव ती वस्तू गाभाऱ्याच्या कोनाड्यात ठेवायचा, देवीच्या वहीत तिथी घालून नोंद करायचा आणि खाली ज्यांचा वाद त्यांचे अंगठे घ्यायचा. मग त्या वस्तूला हात लावायची कुणाची छाती नव्हती. शिवानं अंघोळ केली, लायसनचं पुस्तक लाल कापडात बांधलं, नारळ घेतला आणि देवळात गेला. वहीत त्याची सही झाली आणि यमुनाबाईचा अंगठा. केरूनं पुस्तक पितळी ताटाखाली ठेवलं.

ते तीन महिने शिवाला जड गेले. दहा-बारा वर्षं स्टिअरिंग धरलेल्या हातांना नांगराची रुमणी सोसेना. पहिल्या आठवड्यात फोड आले, दुसऱ्यात फुटले. लावणीच्या वेळी चिखलात वाकून त्याची कंबर धरली, ती श्रावणापर्यंत सुटली नाही. पूर्वी ज्यांना तो पावसातून घरापर्यंत पोचवायचा ते आता बांधावर उभं राहून विचारायचे, काय ड्रायव्हर, बैलांचा गिअर अडकला काय? शिवा हसायचा. हसला नसता तर त्यांनी रोज विचारलं असतं, हसला म्हणून दिवसाआड विचारत. यमुनाबाई सकाळ-संध्याकाळ काठी टेकत देवळात यायची, ताट उचलून पुस्तक आहे ना ते बघायची आणि परत जायची. वाटेत शिवा भेटला तर मान वळवूनही बघायची नाही. त्यानं दोनदा हाक मारून पाहिली. मग हाक मारणं सोडलं.

मधल्या काळात जीपचा विमा संपला. गाडी मांगरात, चाकं हलत नाहीत, मग विमा कशाला, असं म्हणून शिवानं तो तसाच राहू दिला.

श्रावण सरत आला तशी मुंबईहून पोस्टकार्डं येऊ लागली. चार तारखेला सकाळी संगमेश्वर स्टँडवर गाडी घेऊन ये, माणसं सहा, सामान फार. पाच तारखेला ये, आई बरोबर आहे, तिला चालवत नाही. अशी अकरा कार्डं झाली. सगुणानं ती आढ्याच्या वाशात एकाला एक लावून खोचून ठेवली. तीन महिने संपले की बारा दिवसांनी गणपती. त्या चार दिवसांतल्या खेपांवर घरची दसरा-दिवाळी निघायची. त्याहीपेक्षा, एकदा का चाकरमानी देवरूखच्या जीपवाल्यांकडे गेले की पुढच्या वर्षी ते कार्ड त्यांनाच लिहिणार, हे शिवाला माहीत होतं.

तीन महिने भरले त्या दिवशी केरूनं देवीला गाऱ्हाणं घातलं आणि पुस्तक शिवाच्या हातात दिलं. शिवा पहिल्या एसटीनं हातखंब्यावरून रत्नागिरीला गेला.

आरटीओच्या खिडकीत बसलेल्या क्लार्कनं पत्र बघितलं आणि पावती मागितली. शिवानं विचारलं कसली. जमा केल्याची, क्लार्क म्हणाला. शिवानं लाल कापड सोडून पुस्तकच समोर ठेवलं. पुस्तकाला तेलाचा वास येत होता, कोपरे काळे झाले होते आणि आतल्या फोटोवर, बरोबर शिवाच्या कपाळावर, कुंकू लागलं होतं.

क्लार्कनं शांतपणे समजावलं की जमा म्हणजे या ऑफिसात जमा. पत्राच्या खाली बारीक अक्षरात तसं छापलं होतं, बोट ठेवून दाखवलंही. पुस्तक तीन महिने तुमच्याकडेच होतं असा याचा अर्थ. आज जमा करा, आजपासून तीन महिने धरू.

शिवा म्हणाला की पुस्तक आपल्याकडे नव्हतंच, देवीकडे होतं. रांगेतलं कुणीतरी हसलं. क्लार्क हसला नाही, तो म्हणाला, देवीची पावती असली तर आणा.

तो चिडून बोलला होता. पण शिवाच्या डोक्यात वही आली. त्यानं विचारलं, "पावती नाय, पन नोंद हाय. ती आनली तर चालंल?"

क्लार्कनं साहेबांच्या केबिनकडे हात केला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. साहेब फिरतीवर होते, परवा येणार होते.

गावाला परत येईपर्यंत शिवाच्या अंगातला जोर गेला होता. सगुणानं पाणी दिलं. त्यानं सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली की चूक आपली, आपण वरचं वाचलं नि खालचं नाही. मग तिनंच पदर खोचला आणि केरू गुरवाकडे गेली.

केरू ऐकेना. देवीची वही गावाच्या शिवेबाहेर कधी गेली नव्हती. त्याच्या आज्याच्या वेळी एकदा मामलेदारानं मागितली होती, तेव्हा मामलेदारच देवळात आला होता. शेवटी देवीलाच विचारायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी केरूनं कौल लावला, देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलांचे ओले कळे चिकटवले. उजवा पडला तर वही न्यायची, डावा पडला तर नाही. अर्धा तास एकही पडला नाही. बाहेर पाऊस कोसळत होता आणि केरूनं तिसऱ्यांदा गाऱ्हाणं घातलं. मग उजवा कळा सावकाश घसरला आणि पडला.

केरूनं एक अट घातली. वहीतल्या नोंदीखाली ज्यांच्या सह्या-अंगठे आहेत ते दोघंही बरोबर हवेत. म्हणजे यमुनाबाईला न्यायला हवं.

शिवाचा तिच्या दारात जायचा धीर होईना. सगुणा गेली. यमुनाबाईनं दोनदा काय काय म्हणून विचारलं, आणि हल्लीच्या पोरी तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणून तिला दोन शब्द सुनावले. सगळं कळल्यावर ती म्हणाली, "येतंय की. अंगटा माजा हाय तर मी यायला नको?"

साहेब येणार होते त्या दिवशी पहाटे तिघं फाट्यावर उभी राहिली. केरूनं वही सोवळ्यात बांधून छातीशी धरली होती. एसटीत यमुनाबाई डावीकडच्या खिडकीशी बसली आणि तिच्या उजवीकडे शिवाला जागा मिळाली. कंडक्टरनं दोरी ओढून घंटी दिली आणि गाडी सुटली. शिवानं सारा धीर एकवटला आणि जे पाच महिने बोलायचं राहिलं होतं ते बोलून टाकलं. आत्ये, तुमचा पाय माझ्यामुळे गेला, मला झोप लागत नाही, मनात राग ठेवू नका. यमुनाबाई खिडकीतून बाहेर बघत राहिली. नाचणीची शेतं गेली, हातखंबा गेला, तिनं एक शब्द काढला नाही. शिवानं मान खाली घातली. ती माफ करत नाही तर नाही, तो तिचा हक्क आहे, असं त्यानं मनाशी म्हटलं आणि पुढचा सगळा रस्ता आपल्या हातांवरचे घट्टे बघत काढला.

आरटीओचे साहेब नवे होते, चौकशी घेणारे बदलून गेले होते. त्यांनी वही उघडायच्या आधी केरूनं त्यांना चपला काढायला लावल्या. साहेबांनी काढल्या. मग त्यांनी वाचलं: श्री वाघजाईकडे जमा, शिवराम बाळू गोताड यांचें ड्रायव्हरचें पुस्तक नग एक, वैशाख वद्य तृतीया, सोमवार. त्याच पानावर वर तांब्याचा बंब होता आणि खाली एक कोयती. साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावलं, मे महिन्याचं पान उलटून तिथी तपासली. पत्र पोचलं त्याच दिवसाची होती.

त्यांनी यमुनाबाईला विचारलं की या तीन महिन्यांत यानं गाडी चालवलेली तुम्ही पाहिली का. यमुनाबाईनं डावा कान पुढं केला आणि म्हणाली, जरा तोंड उघडून बोला, हल्ली सगळे पुटपुटतात. साहेबांनी मोठ्यानं विचारलं.

"नाय," यमुनाबाई म्हणाली. "रोज दोन येळा बगितलंय. पुस्तक ताटाखाली नि गाडी मांगरात. ड्रायव्हरच्या जागेवर कोंबडी बसली व्हती, एकवीस दिस. हा चालवनार कुटं बसून?"

साहेबांना हसू आवरेना. ते टेबलावरचा पेपरवेट उगाच इकडचा तिकडे करत राहिले. मग त्यांनी क्लार्कला बोलावून आदेशाची प्रत काढायला लावली. तीन महिने हे आदेशाच्या तारखेपासून होते, जमा केल्याच्या नव्हे. ती मुदत संपली होती. पुस्तक वेळेत ऑफिसात दिलं नाही ही चूक, तिचा लेखी खुलासा द्यायचा. पण मुदतीत गाडी चालवली नाही याला हीच बाई साक्षीला आहे, जिच्या जबानीवरून हे सगळं झालं. याहून मोठा साक्षीदार कुठला आणायचा?

शिवानं खुलासा लिहिला. जमा म्हणजे देवीकडे असे समजलो, चूक झाली, असं दीड ओळीत लिहून खाली सही केली. साहेबांनी पुस्तकाच्या मागच्या पानावर लाल शाईनं निलंबनाची मुदत संपल्याचं लिहिलं, शिक्का मारला आणि पुस्तक परत देताना कुंकू पुसायला रुमाल काढला. केरू म्हणाला, असू द्या. साहेबांनी रुमाल खिशात ठेवला.

बाहेर आल्यावर शिवा पायरीवर बसला. एवढा सुटल्यासारखं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. त्यानं दोघांना चहा पाजला आणि यमुनाबाईच्या बशीत स्वतः ओतून दिला. तिनं तो फुंकून प्यायला.

पण विमा राहिला होता. विम्याचं ऑफिस बाजारपेठेत एका माडीवर होतं. जिन्याच्या तोंडाशी फॉर्म भरून देणारा एक माणूस बसायचा. त्यानं फॉर्म पुढं ओढला, भराभर नाव, गाव, गाडीचा नंबर लिहिला आणि एका रकान्यापाशी थांबला. चालकाचं लायसन कधी निलंबित झालं होतं काय? गेल्या तीन वर्षांत अपघात? त्यानं स्वतःच उत्तर दिलं, नाही लिहून टाकू, हो लिहिलंत तर वरचे साहेब अडवतील, आणि गणपती तोंडावर आहेत.

शिवाचा हात आपोआप पुढं झाला. नाही म्हणजे दोन अक्षरं. अकरा पोस्टकार्डं वाशात खोचलेली. कोण बघायला येतंय? पण शेजारी काठीवर भार देऊन यमुनाबाई उभी होती आणि जिचा पाय मोडला तिच्यासमोर अपघात नाही असं लिहिणं त्याच्यानं होईना.

"हो लिवा," तो म्हणाला. "दोन्हीकडं हो."

माणसानं खांदे उडवले आणि तपशील विचारला. शिवा अडखळला. यमुनाबाई आतापर्यंत फॉर्मकडे बघत होती, तिनं त्याला कोपरानं बाजूला केलं आणि काय विचारतोय ते मोठ्यानं सांगायला लावलं. मग ती स्वतःच सांगू लागली. फाल्गुन महिना. चिऱ्याची खाण. डावा पाय, गुडघ्याच्या खाली, दोन जागी. "आनि लिव," ती म्हणाली, "यानंच मला उचलून दवाखान्यात नेलान. दीड महिना रोज डबा पोचवलान. तेबी लिव."

तेवढं लिहायला रकान्यात जागा नव्हती. माणसानं ते कडेला उभं लिहिलं.

शिवानं तिला हात धरून जिना चढवला. वरच्या साहेबांनी फॉर्म आडवा-उभा करून वाचला, लाल शाईची नोंद पाहिली, आणि विचारलं की हा तपशील सांगितला कुणी. शिवानं यमुनाबाईकडे बोट दाखवलं. साहेबांनी तिला खुर्ची दिली. मग ते म्हणाले की विमा खंडित झालेला आहे आणि अपघात झालेला आहे, म्हणून गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय गाडीचा विमा देता येणार नाही. पण दुसऱ्याला इजा झाली तर त्याचा विमा आज देता येईल, आणि रस्त्यावर गाडी काढायला कायद्याला तेवढा पुरतो. बाकीचं गणपतीनंतर गाडी घेऊन या. खरं लिहिलंत हे बरं केलंत, नाहीतर पुढं काही झालं असतं तर हा कागद चुलीत घालायच्याच कामाचा होता. त्यांनी कव्हर नोट फाडून दिली. उद्या सकाळपासून लागू.

परतीच्या एसटीत केरू मधे बसला, आणि वही मांडीवर घेऊन झोपी गेला. शिवा जागा होता. लायसन एका खिशात, विमा दुसऱ्या. तो दर थांब्यावर दोन्ही खिसे चाचपून बघत होता.

शुक्रवारी सकाळी मांगरातून गवताचे भारे काढले. सगुणानं सीटवरची पिसं झाडली, बॅटरी बसली होती म्हणून वाडीतल्या आठ जणांनी जीप ढकलली. बैलांच्या गिअरची चौकशी करणारे सगळ्यात पुढं होते. उतारावर इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. शिवाच्या तळपायापर्यंत ती थरथर पोचली. त्यानं पहिल्यांदा काय केलं असेल तर हॉर्न वाजवला, लांबलचक, आणि पोरं ओरडत मागं धावली. डिझेल भरायला देवरूखला जायचं होतं. सगुणाला गणपतीचा बाजार करायचा होता, केरूला कापूर-उदबत्ती आणायची होती, मागं आणखी चार जण चढले. खेप पहिलीच आणि गाडी भरलेली.

पाऊस उघडला होता. चिऱ्याच्या खाणीत पाणी भरून तिचं तळं झालं होतं. वळण दिसू लागलं. शिवानं गाडी दुसऱ्या गिअरवर आणली, तळहात स्टिअरिंगच्या मध्यावर ठेवला आणि वळणाच्या बरंच आधी हॉर्न दाबला. दाबून धरला. खाणीच्या भिंतीवरून आवाज परत आला, झाडावरचे बगळे उडाले.

वळण पार झालं आणि समोर यमुनाबाई होती. हातात पिशवी, दुसऱ्या हातात काठी, रस्त्याच्या मधून, पाठमोरी चाललेली.

शिवानं ब्रेक दाबला. गाडी तिच्या मागं दहा हातांवर थांबली. त्यानं पुन्हा हॉर्न वाजवला. यमुनाबाईनं काठी पुढं टाकली, पाय ओढला, पुन्हा काठी टाकली. तिनं तिसऱ्यांदा वाजवलेलाही ऐकला नाही.

जीपमध्ये केरूनं तोंडावर हात ठेवला होता. सगुणा आधी त्या पाठमोऱ्या बाईकडे आणि मग नवऱ्याकडे बघत राहिली.

"वाजवलाव व्हता," ती हळूच म्हणाली. "तवाबी वाजवलाव व्हता."

शिवाचा तळहात अजून हॉर्नवरच होता. पाच महिने त्या तळहाताला त्यानं विचारून विचारून भंडावलं होतं. एसटीतलं त्याला आठवलं, तो तिच्या उजव्या कानाशी बोलत होता आणि ती नाचणीची शेतं बघत होती. राग नव्हताच. ती खोटं बोलली नव्हती आणि तोही बोलला नव्हता. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यानं खांद्याला पुसलं. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला असं त्याला वाटलं, आणि सगळ्यांसमोर रडू आल्याची लाजही वाटली नाही.

तो उतरला, तिला वळसा घालून डाव्या बाजूनं पुढं गेला. यमुनाबाई दचकली. मागं जीप बघून तिनं काठी आपटली.

"कदी आलास? परत हॉरन नाय वाजवलास."

केरू गाडीतून काहीतरी म्हणायला वाकला. शिवानं त्याला हातानं गप्प केलं.

"चुकलं, आत्ये," तो तिच्या डाव्या कानाशी मोठ्यानं म्हणाला. "चला, बसा. देवरूखला सोडतो."

"आता तरी ध्यान ठेव," यमुनाबाई म्हणाली. सगुणानं सरकून तिला पुढं, आपल्या नि शिवाच्या मधे जागा दिली. चढताना यमुनाबाईनं शिवाच्या खांद्याचा आधार घेतला आणि बसल्यावरही हात थोडा वेळ तसाच ठेवला. शिवा सगुणाला म्हणाला की गणपती झाले की हिला कानाच्या डॉक्टरकडे न्यायला हवं. सगुणा मान हलवून हो म्हणाली. दोघांच्या मधे बसलेल्या यमुनाबाईनं विचारलं, काय पुटपुटताव?

गाडी निघाली. पुढं ओढ्याचं वळण आलं, तसा शिवानं हॉर्न दाबला. या वेळी आवाज तिच्या पायांखालूनच आला. यमुनाबाईनं समाधानानं मान डोलावली.

"हां," ती म्हणाली. "आता कसा वाजवलास."